पहिला नंबर आला तरी फायटर मिळेलच असं नाही

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं काटछाट करून)

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी पायलट नाही, मला कॉकपिटमध्ये बसवलं तर पट्टा कसा लावायचा इथूनच प्रश्न सुरू होतील. मी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं आणि या विषयात, म्हणजे अमेरिकेत सैन्याच्या नव्या पायलटला कुठलं विमान मिळणार हे कसं ठरतं त्यात, शिरलो ते एका आकड्यामुळे. तो आकडा म्हणजे 50. अमेरिकन नेव्हीत पायलट व्हायला आलेला पोरगा प्रायमरी ट्रेनिंग संपवतो तेव्हा त्याच्या हातात एक स्कोअर पडतो, नेव्ही स्टँडर्ड स्कोअर, आणि जेटला जायचं असेल तर तो साधारण 50 च्या वर असावा असं तिथे सगळे धरून चालतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं 50 म्हणजे शंभरपैकी पन्नास, म्हणजे काठावर पास, आणि अशा पोराच्या हातात हे लोक जेट देतात? मग नीट वाचल्यावर हसू आलं, कारण हे तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो, टी स्कोअर. सरासरी 50, स्टँडर्ड डेव्हिएशन 10, बस. 50 म्हणजे अर्धे मार्क नाहीत, 50 म्हणजे तू बरोबर मधला आहेस. 60 म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या 84 जणांच्या पुढे, 40 म्हणजे 84 जण तुझ्या पुढे.

आता याचा अर्थ काय होतो बघा. तुम्ही किती चांगलं विमान उडवता हे हा आकडा सांगतच नाही, तुमच्या आधी त्याच स्क्वॉड्रनमधून जी पोरं पास होऊन गेली त्यांच्यापेक्षा तुम्ही किती चांगलं उडवता एवढंच सांगतो. सगळेच्या सगळे भारी यायला लागले तरी काही काळाने सरासरी पुन्हा 50 वरच येणार. आणि हे मुद्दाम केलेलं आहे, कारण प्रायमरीची स्क्वॉड्रन्स अनेक आहेत, फ्लोरिडात व्हाइटिंग फील्डला व्हीटी-2, व्हीटी-3, व्हीटी-6, टेक्सासात कॉर्पस क्रिस्टीला व्हीटी-27 आणि व्हीटी-28, सगळीकडे विमान एकच टी-6बी, पण एखाद्या स्क्वॉड्रनची माणसं मार्क द्यायला सढळ आणि दुसरीकडची चिक्कू असं होणारच ना. म्हणून तुलना आपल्याच घरातल्यांशी. हे चांगलं आहे. पण एकाच स्क्वॉड्रनमधला एक इन्स्ट्रक्टर सढळ आणि दुसरा चिक्कू असेल तर त्याला हे गणित काही करू शकत नाही, तिथे नशीब.

मुळात मार्क पडतात कुठे? तर प्रत्येक फ्लाइटला. लँडिंग, स्टॉल, स्पिन, रेडिओवर बोलणं, इमर्जन्सी, प्रत्येक गोष्टीला वेगळा मार्क, नेव्हीत एक ते पाच, त्यात दोन म्हणजे जमलं नाही, तीन फेअर, चार गुड, पाच एक्सलंट. अमेरिकन एअर फोर्समध्ये आकड्यांऐवजी अक्षरं, अनेबल (म्हणजे जमलं नाही), फेअर, गुड, एक्सलंट यांची. आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी किती यायला पाहिजे याची एक पातळी आधीच छापलेली असते, त्याला एमआयएफ म्हणतात. म्हणजे पाचव्या फ्लाइटला लँडिंग वाकडंतिकडं झालं तर कोणी बोलत नाही, पण टप्पा संपताना तेच चालणार नाही. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की सिलॅबसमध्ये फ्लाइट्स मोजून दिलेल्या असतात, पाहिजे तेवढा वेळ घे आणि शीक असं नाही. मग मार्क कौशल्याला पडतात का शिकण्याच्या वेगाला? माझं मत, वेगालाच. हळू शिकणारा पण शेवटी जबरदस्त उडवणारा माणूस या पद्धतीत मागे पडतो, आणि त्याचा दोष असा काही नसतो. सैन्याची बाजूही समजते म्हणा, फायटरमध्ये पुढचं शिक्षण आणखी महाग आणि आणखी वेगात असतं, तिथे पोहोचेपर्यंत वाट बघत बसायला कोणाला वेळ नाही.

एअर फोर्समध्ये आणखी एक प्रकार आहे, स्टँडअप. सकाळी सगळ्या बॅचसमोर इन्स्ट्रक्टर एखाद्याला उभं करतो आणि सांगतो, तू आत्ता अमुक उंचीवर आहेस, इंजिनचा हा काटा पडलाय, बोल. आणि त्याने तिथल्या तिथे सांगायचं काय करणार. काही इमर्जन्सीच्या पायऱ्या बोल्डफेस म्हणून पाठच असायला लागतात, शब्दाला शब्द. अडखळला की खाली बस, आणि त्या दिवशी त्याचं उडणं बंद. त्यामुळे ही पोरं रात्री खोलीत खुर्चीवर बसून, हातात काहीतरी दांडा धरून, डोळे मिटून अख्खी फ्लाइट तोंडाने म्हणत असतात, याला ते चेअर फ्लाइंग म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल डोक्यावर परिणाम झालाय.

बरं, मार्क झाले. आता विमान. एअर फोर्समध्ये 1990 च्या दशकापासून पद्धत अशी होती की टी-6 वर (त्याआधी टी-37 होतं) पहिला टप्पा संपला की दोन मोठे रस्ते, एक टी-38 चा, म्हणजे पुढे फायटर आणि बॉम्बर, आणि एक टी-1 चा, म्हणजे टँकर (हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारी विमानं) आणि मालवाहू, शिवाय काही जण हेलिकॉप्टरला. (टी-1 निवृत्त करायला घेतलं आणि टी-38 च्या जागी टी-7 आणायचं ठरलं, म्हणून मी भूतकाळ वापरतोय.) रस्ता ठरवताना फ्लाइंगचे मार्क, चेकराइड (म्हणजे विमान उडवून द्यायची परीक्षा), लेखी परीक्षा आणि फ्लाइट कमांडरचं मत हे सगळं मिसळून यादी लागते, आणि पहिल्यापासून खाली येत जायचं. टेक्सासातल्या शेपर्ड बेसवर मात्र 1981 पासून नाटो देशांचं मिळून एक वेगळं ट्रेनिंग चालतं, तिथे सगळेच टी-38 ला जातात, म्हणजे तिथे हा पहिला फाटाच नाही. आणि 1990 च्या दशकाआधीची तीसेक वर्षं तर तो कुठेच नव्हता, सगळ्यांनी टी-37 आणि टी-38 उडवायचं आणि शेवटी इन्स्ट्रक्टर लोकांनी ठरवायचं हा फायटरचा आणि हा टँकरचा.

आणि शेवटी ड्रॉप नाईट. आई-वडील, बायको, मित्र सगळे जमलेत, एकेकाला पुढे बोलावतात आणि सगळ्यांसमोर मागच्या पडद्यावर त्याचं विमान दाखवतात. त्याने आधी ड्रीम शीट भरलेली असते, पहिली पसंती अमुक, दुसरी तमुक. पण पडद्यावर जे येतं ते तीन गोष्टींवर ठरतं, आणि त्यांचा क्रम कोणालाही विचारा, एकच सांगतील: आधी सर्व्हिसची गरज, मग तुझे मार्क, मग तुझी पसंती. पसंती तिसरी! पोरांना वाटत असतं पहिली आपली पसंती आणि तिला मार्कांचा धक्का.

समजा एका बॅचमध्ये 12 जण आहेत. या बॅचच्या आठवड्यात वरून आलेल्या यादीत फायटरची एकच सीट आहे आणि पहिला आलेला पोरगा ती घेतो. दुसरा आलेला, ज्याचा स्कोअर त्याच्यापेक्षा केसभर कमी, त्याला मिळतो टँकर. पुढच्या बॅचमध्ये फायटरच्या चार सीट येतात, आणि तिथला चौथा, जो आपल्या या दुसऱ्यापेक्षा बराच मागे आहे, तो फायटरला जातो. आता या दोघांना कुठल्या तोंडाने सांगणार की मार्कांवर विमान मिळतं? मार्कांवर रांगेतली जागा मिळते. खिडकीवर त्या दिवशी किती तिकिटं आहेत ते मार्कांच्या हातात नाही.

याचं मोठं उदाहरण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं. शीतयुद्ध संपलं, स्क्वॉड्रन्स कमी झाली, पण शाळेतून पायलट बाहेर पडतच होते. मग अमेरिकन एअर फोर्सने कित्येकांना विंग्ज (पायलट झाल्याचा बिल्ला) दिल्या आणि उडवायला काहीच दिलं नाही, टेबलावरची नोकरी दिली आणि सांगितलं थांबा, जागा झाली की बोलावतो. त्यांना बँक्ड पायलट म्हणायचे, म्हणजे बँकेत ठेवल्यासारखे. त्यांनी काय कमी अभ्यास केला होता?

नेव्ही आणि मरीनमध्ये आणखी एक भानगड आहे, क्वालिटी स्प्रेड. विचार करा, दर वेळी वरचे सगळे जेटला गेले तर हेलिकॉप्टर आणि पाणबुड्या शोधणाऱ्या मोठ्या विमानांना कायम खालचेच मिळणार, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या स्क्वॉड्रनचे कमांडर कोण होणार? त्यांच्यातलेच. म्हणून अधूनमधून वरच्या पोरालाही मुद्दाम दुसरीकडे पाठवतात. त्या पोराला हा अन्यायच वाटतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता, पण संस्था म्हणून बघितलं तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. शिवाय हेलिकॉप्टर म्हणजे नापासांचं विमान हा समज मला अजिबात पटत नाही, रात्री जहाजाच्या हलत्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवणाऱ्याला हे जाऊन सांगा.

मार्कांचा हा नाद आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आर्मी एअर फोर्सेसने मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या देखरेखीखाली पोरांना परीक्षा घेऊन 1 ते 9 असा आकडा द्यायला सुरुवात केली, स्टॅनाइन, पायलटचा वेगळा, नेव्हिगेटरचा वेगळा, बॉम्बार्डियरचा, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्याचा, वेगळा. आणि मग एक धाडस केलं ज्याचं मला फार कौतुक आहे, हजारावर पोरं आकडा न बघता सरळ ट्रेनिंगला पाठवली, आकडा खरंच काही सांगतो का बघायला. खालच्या आकड्यांची जवळजवळ सगळी गळली. म्हणजे परीक्षेत दम होता. पण कोण गळेल हे सांगणं वेगळं आणि पास झालेल्यांपैकी कोणाला कुठलं विमान शोभेल हे सांगणं वेगळं, दुसरं खूप अवघड आहे.

आणि कधी कधी मार्क बघायची वेळच येत नाही. 2015 मध्ये एफ-35 या फायटरच्या इजेक्शन सीटमुळे (संकटात पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची) मानेला इजा होण्याचा धोका दिसला आणि 136 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 62 किलोपेक्षा कमी वजनाच्या पायलटना त्यात बसायला बंदी घातली, ती 2017 मध्ये उठवली. तेवढी दोन वर्षं तुमचा स्कोअर 70 असो नाहीतर 45, वजनकाटा म्हणेल तसं.

शेवटचं, एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे की चांगले मार्क पडून नुकसान होतं का. होतं की! एअर फोर्सला पायलटांच्या शाळेत शिकवायला माणसं लागतात, आणि ती चांगल्या पोरांमधून घ्यावी लागतात, वाईट पायलटने शिकवून कसं चालेल. त्याला फेप म्हणतात, पहिल्याच पोस्टिंगला इन्स्ट्रक्टर. ड्रॉप नाईटला पोरगा एफ-16 ची वाट बघत उभा असतो आणि पडद्यावर येतं टी-6, ज्यातून तो नुकताच सुटला तेच. आता तो मागच्या सीटवर बसतो, गुडघ्यावर ग्रेडशीट, आणि पुढच्याला लँडिंगला फेअर द्यायचं का गुड हे ठरवतो. चिठ्ठीतच खाली लिहिलंय, मग त्याला नंतर फायटर मिळतं का? साधारण तीनेक वर्षांनी पुन्हा नंबर लागतो. तेव्हाही आधी यादीच येते, कुठल्या विमानाच्या किती सीट आहेत ते.