हिंगुळाचा डोंगर

मंडळी, आपल्या सांता क्लारा काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, २०२५ मध्ये १७५ वर्षं झाली. कॅलिफोर्नियात १८ फेब्रुवारी १८५० रोजी पहिल्या २७ काउंट्या झाल्या, त्यांतली ही एक. कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, ९ सप्टेंबरला. म्हणजे आपली काउंटी राज्यापेक्षा वयाने जवळजवळ सात महिन्यांनी मोठी आहे. वर्धापनाच्या निमित्ताने इथल्या संगणकाच्या चिपांच्या आणि कंपन्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. मला बोलायचंय ते सॅन होजेच्या दक्षिणेच्या एका डोंगराबद्दल. न्यू अल्माडेन त्याचं नाव.

हा डोंगर हिंगुळाचा आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, तोच, ज्याच्या लाल शाईने आपल्याकडे जुन्या पोथ्यांत ओव्यांचे आकडे आणि दंड लिहीत. इथले मूळचे ओलोनी लोक याच दगडाची पूड करून अंग रंगवत. दोन खंडांत, एकमेकांची गंधवार्ता नसताना, माणसांना हाच लाल रंग भावला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे मेक्सिकन अमलात काहींनी इथे चांदी असेल म्हणून खणून पाहिलं, पण चांदी निघाली नाही. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्याने दगड तापवून पाहिला आणि पाऱ्याचे थेंब जमले.

तीन वर्षांनी, जानेवारी १८४८ मध्ये, कॅलिफोर्नियातच कोलोमा इथे सोनं सापडलं. दगड दळल्यावर सोन्याचे कण इतके बारीक होतात की नुसत्या पाण्याने धुऊन ते हाती लागत नाहीत. त्यात पारा घातला की तो सोन्याला धरून ठेवतो. मग वाळू वाहून जाते, मागे मऊ गोळा उरतो, आणि तो तापवला की पारा उडून सोनं राहतं. हा पारा एरवी स्पेनच्या अल्मादेनहून समुद्रमार्गे आणावा लागला असता. इथे तो घराशेजारी होता. ७६ पौंडांच्या लोखंडी बाटल्यांत भरून तो सोन्याच्या मुलखात जाई. सॅन होजेच्या वर्तमानपत्राचं ‘मर्क्युरी’ हे नाव याच पाऱ्यावरून आलं.

पण तो बाहेर काढत कोण होतं? सुरुवातीला मेक्सिकन मजूर. पाठीवर कातड्याचं पोतं, त्याचा पट्टा कपाळावरून घेतलेला, पोत्यात सुमारे २०० पौंड दगड, आणि वर यायला ओंडक्याला खाचा पाडून केलेली शिडी. अशा खेपा दिवसभर चालत. पुढे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आले आणि डोंगरावर दोन वस्त्या झाल्या, स्पॅनिशटाऊन आणि इंग्लिशटाऊन. दगड तापवून पारा काढायच्या भट्टीवर जे काम करत, त्यांचे हाल वेगळेच होते. पाऱ्याच्या वाफेने तोंडाला सतत लाळ सुटायची, दात हलायला लागायचे. वर्धापनाच्या भाषणांत या माणसांचा उल्लेख आधी व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या खाणीच्या मालकीवरून खटले थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यादवी युद्ध चालू असताना, १८६३ मध्ये, खुद्द लिंकन यांनी ती ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. आज ही, उद्या आपली, अशी धास्ती पश्चिमेकडच्या खाणवाल्यांत पसरली आणि तो हुकूम मागे घ्यावा लागला.

१९७० च्या दशकात खाणकाम थांबलं आणि काउंटीने तिथे उद्यान केलं. फेब्रुवारीत नक्की जा, डोंगर तेव्हा हिरवागार असतो. मी गेलो होतो तेव्हा ग्वादालुपे जलाशयाच्या काठी पाटी दिसली, इथले मासे खाऊ नका. खाणीतला पारा ओढ्यांतून वाहून गाळात बसला, गाळातून माशांत गेला. पाटीशेजारीच एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. मासा लागला. त्यांनी गळ हळूच सोडवला, ओल्या हातात मासा क्षणभर धरला आणि परत पाण्यात सोडून दिला.