महाराज एक, पण बोलतात दोघे

श्रोतेहो, नमस्कार. चवथ आटोपली की आपल्या गोव्यात जत्रांचे वेध लागतात. जत्रा म्हटली की देवळापुढे नाटक आलंच, आणि नाटक आलं की माइक, वायरी, स्पीकर आले. आज या स्पीकरांविषयी बोलतो.

फोंडा तालुक्यातल्या एका देवळात ऐतिहासिक नाटक होतं. आवाजाचं काम माझ्याकडे. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा स्पीकर लावला, आणि गर्दी पार अग्रशाळेपर्यंत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीपर्यंत, जाते म्हणून तिथल्या खांबांना आणखी दोन बांधले. पहिला प्रवेश रंगात आला होता. इतक्यात एक पोरगा धावत आला, "काका, आजी बोलावते."

आजी अगदी मागे चटईवर बसलेली, मांडीवर नात झोपलेली. म्हणाली, "पुता, महाराज एक, पण बोलतात दोघे. कोणाचं ऐकू?"

मी तिच्या शेजारी मांडी घातली. खरंच! डोक्यावरच्या स्पीकरमधून 'मुजरा' आला, आणि पाठोपाठ समोरून पुन्हा 'मुजरा'. संवाद एकमेकांवर चढत होते. तिथून रंगमंचापर्यंत मी पावलं मोजली. 35 मीटर भरले. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. म्हणजे रंगमंचाकडचा आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचत होता. वायरीतून आवाज तत्काळ येतो, हवेतून सावकाश. हे ध्यानात ठेवा: वायरीतून तत्काळ, हवेतून सावकाश.

अंक पडताच आम्ही मागचे दोन्ही स्पीकर सोडले आणि दीपस्तंभापाशी, रंगमंचापासून 15 मीटरवर आणले. तोंडं मागच्या प्रेक्षकांकडे केली, आवाज बेताचा ठेवला. उशीर निम्म्याहून कमी झाला. एवढ्या थोड्या फरकाचे दोन आवाज कान एकच धरतो. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा मी आजीकडे पाहिलं. तिने पंजा उंचावून 'असू दे' म्हटलं आणि नातीच्या अंगावर पदर ओढला.

आता डिजिटल मिक्सरवर, म्हणजे माइकचे आवाज सांभाळणाऱ्या यंत्रावर, मागच्या स्पीकरांना डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, देता येतो. मीटरमागे साधारण 3 मिलिसेकंद. 35 मीटरला शंभर. वर आणखी दहा द्या, म्हणजे आवाज रंगमंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. लाल-काळी वायर मात्र सगळीकडे सारखीच जोडा; एका स्पीकरला उलटी गेली की तबल्याचा डग्गा पोकळ होतो.

आणि एकच मोठा स्पीकर फुल्ल सोडू नका. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज 6 डेसिबलने उतरतो. मागच्याला ऐकू यावं म्हणून वाढवला, तर पुढची मुलं कान झाकतात. स्पीकर जास्त, आवाज कमी. पुन्हा सांगतो, स्पीकर जास्त, आवाज कमी.

नटमंडळींनीही आवाज फेकायला शिकलंच पाहिजे. आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची पिढी माइकवर वाढली नव्हती. आज माइकला ओठ टेकवून पुटपुटतात, त्याला कुठलाच मिक्सर पुरत नाही. आणि देणगीदारांची नावं फळ्यावर लिहा हो, रंगलेल्या अंकानंतर माइकवरून वाचू नका.

नाटकाआधी कोणालातरी संवाद म्हणायला उभं करा आणि स्वतः अग्रशाळेपर्यंत चालत जा. शेवटच्या चटईवर बसून ऐका. मगच पडदा उघडा. नमस्कार.