रोप न उपटता नत्राचा हिशेब

दिवे घाट चढून सासवडकडे आलं, की खरिपात वाटाण्याची रानं लागतात. खुरप्यानं माती सैल करून एक रोप वर काढलंय. मुळांवरच्या या गाठी बघा. नखानं एक फोडली, आतून गुलाबी निघाली, म्हणजे ती हवेतला नत्र (नायट्रोजन) रोपासाठी बांधण्याच्या कामात आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना ते बेताबेतानं ऑक्सिजन पुरवतं. बेतानंच, कारण हवेतला नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजननं निकामी होतं.

गाठी बघायच्या तर रोप उपटावं लागतं, आणि उपटलेलं रोप दुसऱ्यांदा मोजता येत नाही. फुलोऱ्यात किती नत्र बांधला आणि शेंगा भरताना किती, हे एकाच रोपाला विचारायची सोय नाही. वाण पैदास करणाऱ्यांची तर मोठीच अडचण. ज्या रोपाचं बी धरायचं, तेच उपटायचं कसं?

म्हणून प्रकाश. चिमट्यासारखं हे यंत्र पानाला लावलं, की ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त प्रकाश पानातून आरपार जातो. तांबडा हरितद्रव्यात शोषला जातो, अवरक्त जवळजवळ नाही. त्या फरकावरून हरितद्रव्य कळतं, आणि त्यावरून पानातल्या नत्राचा अंदाज येतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा हेच काम प्रकाशाच्या शेकडो अरुंद पट्ट्यांत करतो. तो ड्रोनवर चढवला की अख्खं रान टिपता येतं.

पण खरी मेख इथं आहे. हिरवं पान नत्र किती ते सांगतं, कुठून आला ते सांगत नाही. युरिया खाल्लेलं रोपही तेवढंच हिरवं असतं, आणि जमिनीत नत्र मुबलक झाला की गाठींचं काम मंदावतं. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं, तर नत्र असूनही पान पिवळं दिसतं.

उगम शोधायला नत्र-१५ हा जड समस्थानिक, म्हणजे नत्राचाच थोडा जड अणू, उपयोगी पडतो. हवेत त्याचं प्रमाण ०.३६६ टक्के, जमिनीतल्या नत्रात बहुधा किंचित जास्त, म्हणून हवेतला नत्र घेतलेल्या रोपात तो कमी निघतो. त्यासाठी मात्र पान तोडून, वाळवून, दळावं लागतं. म्हणून मोजक्या पानांची अशी तपासणी करून प्रकाशाचे आकडे तिच्याशी ताडून घ्यायचे, आणि शेजारी गाठी न धरणाऱ्या पिकाचा एक पट्टा ठेवायचा. दोन्ही पट्टे एकाच जमिनीत, एकाच पावसावर वाढलेले असले, तरच त्यांच्यातल्या फरकावरून गाठींची कमाई काढता येते.