हिरवा कुठला?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय चित्रकार आणि निसर्ग यांच्याबद्दल. काश्मीर-बिश्मीर नको, आपल्याच बेळगाव भागातला निसर्ग घेऊ.

आपल्याकडं चित्रकारांची कधी वाण पडली नाही. के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर, म्हणजे त्यांची चित्रकलेची शाळा, तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रवी परांजपे 1935 साली बेळगावातच जन्मले आणि सरांच्याच हाताखाली शिकले. 2022 साली ते गेले. ही माणसं इथंच का घडली? शिकवणारे चांगले होते, हे तर झालंच. पण मला वाटतं, अर्धं श्रेय या जिल्ह्याच्या जमिनीचं आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. त्याच तालुक्यातून म्हादई निघते, ती पश्चिमेला गोव्यात उतरते. कणकुंबीत पाऊस कोसळत असतो, तेव्हा अथणीचा शेतकरी आभाळाकडं बघत बसलेला असतो. बेळगावची माती तांबडी, अथणी-सौंदत्तीकडची काळी. एका एस्टीच्या तिकिटात चित्रकाराचा अख्खा रंगांचा डबा बदलतो!

आणि आपली मुलं काय काढतात? दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. शाळेतला चित्रकलेचा तास म्हणजे शेजारणीला दिलेली वाटी, गणिताचे मास्तर नेतात ती परत येतच नाही. असो. हा माझा जुना राग आहे, विषय तो नाही.

विषय हिरव्या रंगाचा आहे. लक्षात ठेवा, हिरवा एक नसतो. आता किस्सा ऐका.

माझे एक चित्रकार मित्र आहेत, शहापूरचे, जलरंगात काम करणारे. श्रावणात एकदा आम्ही येळ्ळूरला गेलो. वर राजहंसगड ढगात बुडालेला, खाली बासमतीची शिवारं. मित्रानं बांधावर स्टूल टाकलं, कागद पाटीला चिकटवला आणि लागला कामाला. अशा हवेत जलरंगाचं काम म्हणजे धीराची परीक्षा, एक हात मारला की तो वाळतच नाही. तरी तासाभरात गड उभा राहिला, ढग आले, खाली भाताचं रान आलं. हिरवंगार. मला तर फार आवडलं.

एवढ्यात मागं एक आजी येऊन उभी राहिली. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात खुरपं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काय वो मास्तर, ह्ये आमचंच रान न्हवं?"

"होय की आजी."

"मग ह्याला युरिया घातला नाहीसा काय?"

मित्राला कळेना. आजी वाकली आणि कागदाला बोट लागू न देता दाखवू लागली. "हितं बघा. ह्ये सगळं पिवळं मारलंय तुमचं. आमचं रान बघा की, कसं काळंभोर आलंय! बांधाकडंला शेणखताचा ढीग होता, तितं आणि काळं. खाली पाणी थांबतंय, तेवढंच पिवळं. आणि पलीकडचं त्यांचं, मागनं लावलंय, म्हणून पोपटी. हिरवं काय एकच असतंय होय?"

आम्ही दोघंही समोर बघू लागलो. तसंच होतं! एका नजरेत मावणारं शिवार आणि त्यात चार-पाच हिरवे. नत्र कमी पडलं की भाताचं पान पिवळं पडतं, हे शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमचा मित्र मात्र इतकी वर्षं ट्यूबमधला तयार हिरवा काढून त्यात पिवळा घालत होता.

त्यानं ती ट्यूब पिशवीत टाकली. प्रशियन ब्लू घेतला, त्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, मिसळला आणि बांधाकडची पट्टी गडद केली. पाण्याच्या जागेवरचा पिवळा तसाच ठेवला. आजी मान वाकडी करून बघत होती. म्हणाली, "आत्ता खाल्लं बघा रानानं खत!"

मग तिनं विचारलं, चित्र विकणार केवढ्याला? मित्रानं लाजत आकडा सांगितला. आजीनं खुरपं कमरेला खोचलं. "आगं बाई! येवढ्यात तर आख्ख्या रानाची लावण निघती!" आणि ती हसत चिखलात उतरली. ते चित्र मित्रानं विकलं नाही. किंमत कोण देईना म्हणून, असं त्याची बायको म्हणते.

माझी वेळ संपत आली. खरं तर गोकाकच्या धबधब्याचं गढूळ पाणी कसं रंगवायचं, तेही सांगायचं होतं, ते पुन्हा कधीतरी. कामाचं तेवढं सांगतो. हिरव्याची ट्यूब घरी ठेवा. पिवळा, निळा आणि बर्न्ट सिएना, एवढे तीनच न्या. हा बर्न्ट सिएना म्हणजे लोहयुक्त माती भाजून केलेला रंग. आपल्या तांबड्या मातीलाही रंग येतो तो लोखंडामुळंच, तेव्हा तो इथं परका वाटत नाही. पुन्हा सांगतो, पिवळा, निळा, बर्न्ट सिएना. कागद पोस्टकार्डाएवढा पुरे. राकसकोपच्या वाटेवर, मार्कंडेयच्या काठाला, कुठंही बसा. आधी अर्धा तास नुसतं बघा, मोबाईलवर फोटो काढू नका, त्यात सगळे हिरवे एकसारखे दिसतात. कुणी शेतकरी मागं येऊन उभा राहिला तर त्याला हाकलू नका, चित्र कसं वाटतंय ते विचारा.

आणि छत्री एकच असेल तर ती चित्रावर धरा. नमस्कार.