हिरोशिमाचा हट्ट

नमस्कार श्रोतेहो.

हिरोशिमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच सकाळ येते. 6 ऑगस्ट 1945, सव्वाआठची वेळ. दरवर्षी ऑगस्ट उजाडला की शाळेच्या फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्या शहराचं नाव येतं आणि मग वर्षभर आपण ते विसरून जातो. मला आज त्याच शहरातल्या एका कारखान्याविषयी बोलायचं आहे. तो त्या सकाळच्या आधी होता आणि आजही आहे. माझदा मोटारींचा कारखाना.

माझदा हे नाव तुमच्या कानांवरून गेलेलं असणार. शाळेच्या सहलीची मिनीबस, भाजी मंडईत माल उतरवणारा छोटा ट्रक, त्यांच्या दर्शनी भागावर लिहिलेलं असायचं 'स्वराज माझदा'. पंजाब ट्रॅक्टर्सने जपानच्या माझदाशी आणि सुमितोमोशी हात मिळवून 1983 साली ती कंपनी काढली होती. माझदाच्या मोटारगाड्या मात्र आपल्याकडे शोरूममध्ये कधी आल्या नाहीत. त्यामुळे टोयोटा, होंडा, सुझुकी ही नावं आपल्या घरातली झाली आणि माझदा त्या मिनीबसपुरतीच राहिली.

या कारखान्याची सुरुवात बाटलीच्या बुचापासून झाली, असं सांगितलं तर पटणार नाही. पण ते खरं आहे. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारं बूच जपानला मिळेनासं झालं. तेव्हा अबेमाकी नावाच्या स्थानिक ओकच्या सालीपासून त्याला पर्याय तयार करायचा उद्योग हिरोशिमात उभा राहिला. 1920 साली त्याची कंपनी झाली, तोयो कॉर्क कोग्यो. पुढच्याच वर्षी तिची सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. हा कोळ्याचा मुलगा. लहान वयातच ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली राबलेला. बुचाच्या धंद्यात त्याचं मन रमणं कठीणच होतं. युद्ध संपल्यावर खरं बूच पुन्हा बाजारात आलं, 1925 मध्ये कारखान्याला आग लागली, आणि मात्सुदांनी मोर्चा वळवला तो यंत्रांकडे. 1927 साली कंपनीच्या नावातून 'कॉर्क' गेलं. 1931 साली पहिलं वाहन बाहेर पडलं, माझदा-गो.

ही माझदा-गो म्हणजे तीनचाकी मालगाडी. पुढून मोटरसायकल, मागून हौदा. पुण्याच्या आकुर्डीत बनलेले तीनचाकी टेम्पो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कल्पना येईल. फक्त हिला टप नव्हतं. चालक उघड्यावर बसायचा आणि हातात चाकाऐवजी दांड्याचं हँडल असायचं.

आणि नाव? मात्सुदा या आडनावाशी जुळणारं, आणि त्याच वेळी अहुर मज्द या पारशी धर्मातल्या ज्ञानाच्या देवतेचं. मुंबईत अग्यारीच्या दारावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, की ज्या परमेश्वराला तिथे स्मरतात त्याचंच नाव एका जपानी तीनचाकीने घेतलं होतं. जपानी लोक आजही त्या गाडीला 'मात्सुदा' म्हणतात. 'माझदा' हा उच्चार उरलेल्या जगासाठी.

आता त्या सकाळकडे येतो. युद्धाच्या वर्षांत या कारखान्यात लष्करासाठी रायफली बनत होत्या. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. 6 ऑगस्ट हा जुजिरो मात्सुदांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. कंपनीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकीगत अशी, की वाढदिवस म्हणून ते सकाळी लवकर शहरातल्या न्हाव्याकडे केस कापायला गेले, त्यांचा नंबर आधी लागला आणि ते मोटारीत बसून निघाले. स्फोट झाला तेव्हा ते शहराच्या मध्यभागापासून दूर गेले होते. ते वाचले.

कारखाना स्फोटाच्या जागेपासून पाचएक किलोमीटरवर. मध्ये हिजियामा नावाची टेकडी. त्या टेकडीने धक्क्याचा जोर अडवला. काचा फुटल्या, छपरं उचकटली, पण भिंती आणि यंत्रं उभी राहिली. कंपनीची शंभराहून जास्त माणसं मात्र त्या दिवशी गेली.

आणि मग त्या कारखान्याचं काय झालं, ते ऐका. त्याच्या आवारात जखमी आणले गेले. प्रांताच्या सरकारला बसायला इमारत उरली नव्हती, म्हणून प्रांताचं कार्यालय या कारखान्यात आलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहिलं. श्रोतेहो, हिरोशिमाचं रेडिओ केंद्रही उद्ध्वस्त झालं होतं. तेसुद्धा याच कारखान्याच्या जागेत हलवलं गेलं. उजाड शहरातल्या लोकांपर्यंत आवाज पोचत होता तो या गाड्यांच्या कारखान्यातून. आज मायक्रोफोनसमोर बसून हे सांगताना माझा गळा दाटून येतो.

डिसेंबर 1945 मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तिथे पुन्हा तीनचाकी तयार होऊ लागली. मोजक्याच. पण शहर पुन्हा उभारायचं तर विटा, लाकूड, तांदूळ वाहून न्यायला काहीतरी लागणारच होतं.

जुजिरो यांच्यानंतर त्यांचा मुलगा त्सुनेजी अध्यक्ष झाला. 1960 साली कंपनीने पहिली प्रवासी मोटार काढली, आर 360 कूपे, इवलीशी आणि स्वस्त. लोकांनी ती उचलून धरली. पण त्याच सुमाराला जपान सरकारच्या उद्योग मंत्रालयाच्या मनात होतं, की देशात मोटार कंपन्या फार झाल्या, त्यांना दोन-तीन मोठ्या गटांत आणावं. लहान कंपनीने मोठ्या कंपनीच्या पोटात जावं, असा त्याचा अर्थ. त्सुनेजींना ते मान्य नव्हतं. दुसऱ्या कुणापाशी नाही असं काहीतरी आपल्यापाशी हवं, तरच आपण टिकू, हे त्यांनी ओळखलं. ते जर्मनीला गेले आणि एनएसयू या कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेऊन आले.

हे इंजिन काय असतं, ते शब्दांतच समजावून बघतो. आपल्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या हालचालीचं नंतर फिरण्यात रूपांतर करावं लागतं. रोटरीत वर-खाली काही नाहीच. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा, मध्ये किंचित आवळलेली. त्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला चिकटून सरकतात. त्यामुळे भिंत आणि त्रिकोण यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि एकात हवा-पेट्रोल आत येत असतं तेव्हा दुसऱ्यात ते दाबलं जात असतं नाहीतर जळत असतं. भाग थोडे, आकार लहान, आणि फिरणं रेशमासारखं मऊ.

कागदावर सुरेख. प्रत्यक्षात मात्र त्रिकोणाची टोकं भिंतीवर थरथरत आणि आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आडव्या रेघा उमटत. हिरोशिमातले अभियंते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. 1963 साली केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 अभियंत्यांचा विभाग सुरू झाला. 47 हा आकडा जपानी माणसाला लगेच भिडतो, कारण धन्याचा सूड घेण्यासाठी प्राण देणाऱ्या 47 सामुराईंची गोष्ट तिथे घराघरात माहीत आहे. यामामोतोंनी आपल्या माणसांना सांगितलं, जागेपणी आणि झोपेतही या इंजिनाचाच विचार करा. आधी त्यांनी टोकांवरच्या पट्ट्या आतून पोकळ करून थरथरीची लय बदलली. नंतर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी तयार केली. ओरखडे थांबले. 30 मे 1967 रोजी कॉस्मो स्पोर्ट विक्रीला आली, दोन रोटरांची जगातली पहिली मोटार. हजारभरापेक्षा थोड्याच जास्त बनल्या. पण त्यातल्या दोन गाड्या 1968 मध्ये जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगवर 84 तासांच्या शर्यतीत उतरवल्या आणि एक चौथी आली. ओरखड्यांचं काय झालं, असं विचारणाऱ्यांना ते उत्तर होतं.

परवाना जनरल मोटर्सने घेतला होता, डेमलर-बेंझने घेतला होता, रोल्स-रॉइसनेही घेतला होता. बहुतेकांनी नाद सोडला. खुद्द एनएसयू या इंजिनापायी अडचणीत आली आणि फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली. हिरोशिमाने नाद सोडला नाही, आणि त्याची किंमत फार मोठी होती.

1973 च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. रोटरीतली जळण्याची जागा लांबट आणि चपटी असते. उष्णता भिंतींत जाते, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. म्हणजे हे इंजिन मुळातच तहानलेलं. अमेरिकेत गाड्या पडून राहू लागल्या आणि कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँकेने हात दिला, पण संस्थापकांच्या घराण्याची सत्ता त्यात गेली. कारखान्यातल्या हजारो कामगारांना देशभर गाड्या विकायला पाठवण्यात आलं. आयुष्यभर पाना हातात धरलेला माणूस परक्या गावात लोकांची दारं ठोठावत हिंडतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. हिरोशिमाचा बेसबॉल संघ आहे, तोयो कार्प. त्यातला 'तोयो' म्हणजे हीच कंपनी. संघ इतका गरीब, की सुरुवातीच्या वर्षांत मैदानाच्या दारात लाकडी पिंपं ठेवून लोकांकडून पैसे गोळा करत. वर्षानुवर्षं तळाला राहिलेल्या या संघाने पहिल्यांदा आपली लीग जिंकली ती 1975 साली. कंपनीचं काय होणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, नेमक्या त्या वर्षी.

आणि यामामोतो? इंजिन सोडून देऊ या, असं म्हणणारे खूप होते. त्यांनी उलट ठरवलं, की याच इंजिनाचा पेट्रोलखर्च चाळीस टक्क्यांनी सुधारायचा. मोहिमेला नाव दिलं फिनिक्स. 1978 साली आरएक्स-7 आली आणि अमेरिकेने तिला डोक्यावर घेतलं. पुढे 1984 मध्ये यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले.

1979 मध्ये फोर्डने सुमारे चौथा हिस्सा घेतला होता. 1996 मध्ये तो एकतृतीयांशावर गेला आणि हेन्री वॉलेस हे जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष झाले. 2008 पासून फोर्ड हळूहळू बाहेर पडली. या पर्वाबद्दल माझं मत फार अनुकूल नाही, पण तेव्हा फोर्ड नसती तर कदाचित आज बोलायला काही उरलंही नसतं.

त्याआधीचा 1991 चा जून मात्र निवांत सांगायला हवा. फ्रान्समधली ल मां ही 24 तासांची शर्यत. नारिंगी-हिरव्या चौकटींची माझदा 787 बी, क्रमांक 55, चार रोटरांचं इंजिन. नियम बदलणार होते आणि पुढच्या वर्षीपासून रोटरीला तिथे जागा नव्हती. म्हणजे ही शेवटची संधी. फोल्कर वाइडलर, बर्ट्रांड गाशो आणि जॉनी हर्बर्ट हे चालक. सर्वांत पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बिघडून थांबली, आणि माझदा पुढे झाली ती 362 फेऱ्या संपेपर्यंत पुढेच राहिली. शेवटच्या टप्प्यात गाडी हर्बर्टच्या हातात होती. उतरल्यावर तो पाण्याअभावी कोसळला आणि विजेत्यांच्या चौथऱ्यावर उभाही राहू शकला नाही. ल मां जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. टोयोटाला तो मान मिळायला 2018 उजाडलं.

लौकिकाचं म्हणाल, तर तो सगळा गोड नाही. जपानात 'मात्सुदा जिगोकू' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे माझदाचा नरक. गाडी विकायला काढली तर बाजारात भाव येत नाही, बरा भाव देतो तो फक्त माझदाचाच विक्रेता, मग त्याच्याकडूनच पुन्हा माझदा घ्यायची आणि त्या फेऱ्यात अडकायचं. युरोपात एका पिढीच्या गाड्या लवकर गंजतात म्हणून नाव खराब झालं. 2024 च्या जूनमध्ये जपानच्या अनेक कंपन्यांनी सरकारी चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचं कबूल केलं, त्यात माझदाही होती. इंजिनाच्या शक्तीच्या चाचणीत सॉफ्टवेअर बदललं होतं, एअरबॅग टायमर लावून उघडल्या होत्या. या कंपनीवर जीव असलेल्या माणसाने हे दडवू नये. मला त्याचं वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरीकडे 1989 पासून बनणारी एमएक्स-5 आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, हलकी. अशा गाड्या ब्रिटिशांनी बनवणं जवळपास सोडून दिलं होतं तेव्हा हिरोशिमाने ती बनवली, आणि 2016 पर्यंत तिचा आकडा दहा लाखांवर गेला. तिच्या मागची कल्पना सांगताना ते 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, स्वार आणि घोडा एकजीव. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्यावर बसून मुलूख पालथा घातला, त्या आपल्याला ती फोड करून सांगावी लागत नाही.

रोटरीची शेवटची मोटार, आरएक्स-8, 2012 मध्ये थांबली. 2018 मध्ये या इंजिनावर काम करणारा विभागही मोडला. पण 2023 मध्ये एक नवं रोटरी इंजिन आलं, एकाच रोटरचं, 830 सीसीचं. ते चाकं फिरवत नाही. विजेवर चालणाऱ्या एमएक्स-30 मध्ये बसून ते फक्त वीज तयार करतं. आणि 2024 च्या 1 फेब्रुवारीला हिरोशिमात रोटरीचा विभाग पुन्हा उघडला. या वेळी अभियंते होते 36.

नमस्कार.