बी-५९ पाणबुडीवरील अधिकारी : वासिली आर्खिपोव
(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपुरात पाणबुडीविषयी बोलायचे, तर उकाड्यापासून सुरुवात केलेली बरी. नवतपातले ४६-४७ अंश म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्या दिवसांतही आपल्याला सावली असते, माठातले पाणी असते आणि कूलरपुढे बसता येते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते; हाच क्यूबा पेचप्रसंग. तेव्हा क्यूबाजवळच्या समुद्रात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी नौदलापासून पाण्याखाली दडून होती. तिच्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला होता, पिण्याचे पाणी माणशी पेलाभर मिळत होते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेल्याने माणसे भोवळ येऊन पडत होती. त्या पाणबुडीवर असलेल्या वासिली अलेक्सान्द्रोविच आर्खिपोव या अधिकाऱ्याला आज ‘जगाला वाचवणारा माणूस’ म्हटले जाते. मला ते वर्णन अपुरे वाटते, कारण त्या दिवशी त्यांचा शब्द का मानला गेला, हे त्यातून कळत नाही; त्यासाठी त्यांची आधीची नोकरी पाहावी लागते.

आर्खिपोव १९२६ साली मॉस्कोजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मले. १९४५ मध्ये जपानविरुद्धच्या मोहिमेत ते सुरुंग काढणाऱ्या नौकेवर होते, आणि १९४७ मध्ये बाकूच्या नौदल महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर पाणबुड्यांवर रुजू झाले. त्यांना घडवणारी घटना ४ जुलै १९६१ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये घडली. के-१९ या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवर ते उपप्रमुख होते. तिच्या अणुभट्टीला थंड ठेवणारी नळी फुटली. दुसरी शीतकरण व्यवस्था तिच्यात बसवलेलीच नव्हती, आणि लांब पल्ल्याचा रेडिओ बंद पडल्यामुळे मॉस्कोला कळवण्याचीही सोय उरली नव्हती. मग माणसांनी आळीपाळीने भट्टीच्या कप्प्यात शिरून, हाताशी असलेले नळ जोडून पाण्याची नवी वाट तयार केली. त्यांपैकी आठ जण पुढच्या तीन आठवड्यांत किरणोत्सर्गाने गेले. बंड होईल या भीतीने कप्तान निकोलाय झातेयेव यांनी बहुतेक शस्त्रे समुद्रात टाकायला लावली. त्या घडीला आर्खिपोव त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले. सोव्हिएत पाणबुडी दलात ही गोष्ट सर्वश्रुत झाली होती.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबरला, चार डिझेल पाणबुड्या उत्तरेकडून गुपचूप क्यूबाकडे निघाल्या. आर्खिपोव त्या तुकडीचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाचे मुख्य सहायक अधिकारी, म्हणून बी-५९ वर होते. पाणबुडीचे कप्तान मात्र वालेंतिन सावित्स्की. या पाणबुड्या ‘फॉक्सट्रॉट’ या सोव्हिएत बनावटीच्या वर्गाच्या होत्या. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी ‘आयएनएस कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे दाखल झाली, तीही याच वर्गाची. तिची बहीण ‘कुरसुरा’ २००१ मध्ये निवृत्त झाली असून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आता संग्रहालय म्हणून उभी आहे. ती जरूर पाहा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर गोल झडपेतून पाय आधी की डोके आधी, याचा विचार करावा लागतो; पुढच्या कप्प्यात पाणतिरांच्या (टॉर्पेडोंच्या) शेजारीच झोपण्याच्या फळ्या आहेत. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात पाऊणशे माणसे महिनोन्‌महिने राहत. बी-५९ तर थंड समुद्रांसाठी बांधलेली होती आणि पाठवली गेली उष्ण समुद्रात.

तिच्यावर अण्वस्त्र बसवलेला एक पाणतीर होता, आणि वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी विनाशिकांना त्याची कल्पना नव्हती. २७ ऑक्टोबरला त्यांनी सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकून पाणबुडीला वर येण्याचा इशारा दिला. या इशाऱ्यांची पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती, पण ती पाणबुड्यांपर्यंत पोहोचलीच नाही. बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, आणि पत्र्यावर कुणी घणाचे घाव घालावेत तसे धक्के. वर युद्ध पेटले आहे, असेच आत वाटले तर नवल नाही. पाणबुडीवरचे संदेशतज्ज्ञ वादिम ओर्लोव यांच्या हकिकतीनुसार, संतापलेल्या सावित्स्कींनी तो पाणतीर सज्ज करायला सांगितला आणि आर्खिपोव यांनी त्यांना शांत करून वर येण्यास राजी केले. इतरांच्या आठवणी तपशिलात वेगळ्या आहेत. पाणबुडी वर आल्यानंतर अमेरिकी विमानाच्या गोळीबारामुळे पुन्हा गोंधळ उडाला आणि तेव्हा आर्खिपोव यांनी समोरच्या जहाजाचा दिव्याचा इशारा ओळखून सावरले, असेही सांगितले जाते. दोन्हींत त्यांची भूमिका एकच आहे.

इथे सावित्स्कींवर अन्याय होऊ नये, असे मला कळकळीने वाटते. पाणबुडी त्यांची होती, दोघांचा हुद्दा सारखा होता, आणि तशा उकाड्यात, तशा अपुऱ्या हवेत दुसऱ्याचे ऐकून आपला हुकूम मागे घेणे हेही कप्तानाचेच काम. ते त्यांनी केले. के-१९ वर काय घडले हे ठाऊक असलेल्या माणसाला समोरच्याच्या धीराबद्दल शंका घेता येत नव्हती. आर्खिपोव ‘थांबा’ म्हणाले, तेव्हा ते भीतीपोटी म्हणत नाहीत, एवढे तरी नक्की होते. माझ्या मते त्या क्षणाचा निकाल इथे लागला.

परतल्यावर शाबासकी मिळाली नाही. शत्रूसमोर पाणबुडी वर आणली म्हणून वरिष्ठांचे बोल ऐकावे लागले. तरी आर्खिपोव नौदलात राहिले, १९७५ मध्ये रिअर ॲडमिरल झाले, आणि ज्या बाकूच्या महाविद्यालयात ते शिकले होते त्याचेच प्रमुख म्हणून तरुण अधिकारी घडवत राहिले. १९८१ मध्ये व्हाइस ॲडमिरलचा हुद्दा मिळाला. १९ ऑगस्ट १९९८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. झातेयेव त्यानंतर नऊच दिवसांनी गेले. बी-५९ वरील हकिकत जगभर पोहोचली ती २००२ मध्ये, क्यूबा पेचप्रसंगाला ४० वर्षे झाली तेव्हा, आणि २०१७ मध्ये ‘फ्यूचर ऑफ लाइफ’ संस्थेने दिलेला पुरस्कार त्यांच्या कुटुंबीयांनी स्वीकारला.