पेटीवर देवगड, आत भलतंच

[दृश्य: तारकर्ली. मे महिन्यातली दुपार. घरगुती खानावळीचा ओटा, त्यावर चार्जिंगला लावलेला मोबाइल. पडद्यावर मेल उघडतो.]

'प्रिय ग्राहक, ४१११ने सुरू होणाऱ्या आपल्या क्रेडिट कार्डावरील ५,८४० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री १२ वाजता संपुष्टात येत आहेत. रक्कम खात्यात जमा करण्यासाठी खालील बटण दाबा.'

वर बँकेचा लोगो, रंगही तोच. खाली बारीक अक्षरांत 'आपला ओटीपी कोणालाही सांगू नका' अशी सूचनासुद्धा. मेल मात्र चोराचा.

मराठी बघा, एक चूक नाही. पूर्वी असे मेल मोडक्या इंग्रजीत यायचे आणि तिथेच पकडले जायचे. आता एआयकडून हवी ती भाषा लिहून मिळते. तरीही 'स्पेलिंगच्या चुका शोधा' हा सल्ला अजून जागोजागी दिला जातो. तो आता बंद केलेला बरा, कारण चूक सापडली नाही की माणूस उलट निर्धास्त होतो.

[दृश्य: कार्डाचा क्लोजअप. पहिले चार आकडे दिसतात, बाकीचे झाकलेले.]

आता ते '४१११ने सुरू होणारं' बघा. आपल्या कार्डाचे आकडे मेलमध्ये दिसले की विश्वास बसतो, 'ह्यांना माझं कार्ड माहीत आहे.' पण कार्डाचे पहिले सहा ते आठ आकडे आपले नसतातच. ते कार्ड देणाऱ्या बँकेचे. ४ने सुरुवात म्हणजे व्हिसा, ३७ म्हणजे अमेरिकन एक्सप्रेस. एकाच बँकेच्या हजारो ग्राहकांचे हे आकडे सारखे असतात. खरी बँक शेवटचे चार आकडे लिहिते. अर्थात तेही कुठून तरी फुटलेले असू शकतात, म्हणजे शेवटचे चार जुळले तरी मेल खराच असं नाही.

[दृश्य: मुंबई-गोवा महामार्ग. रस्त्याकडेला आंब्याच्या पेट्या.]

कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत भरून विकतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पेटीवर काय, वाटेल ते छापता येतं. मेलवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव तसंच. ते पाठवणाराच लिहितो. खरा माल नावामागच्या पत्त्यात. मोबाइलवर तो पत्ता दडलेला असतो, नावावर बोट टेकवलं की उघडतो.

आणि पत्ता शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव असेल, पुढे टिंब, मग 'कार्ड-व्हेरिफाय डॉट कॉम'. मालक कोण? 'कार्ड-व्हेरिफाय'. बँकेचं नाव नुसतं शोभेला. कधी इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवून 'एम'चा भास करतात. लहान पडद्यावर, त्यात चष्मा आतल्या खोलीत राहिलेला, कोणाच्या बापाला कळणार?

रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये यावर एक उपाय काढला. सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीखाली न्यावीत, असा आदेश दिला. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र जाऊ नका. मधल्या वाटेवर कोणी माहिती वाचू शकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे चोर बसलाय की साव, हे त्यालाही माहीत नसतं.

[दृश्य: ओटा. तव्यावर सुरमई. मालकीणबाई फोन कानाला लावतात.]

'अरे झिला, पॉइंट आज संपतले म्हणून मेल इलो हा.'

'आये, कायच दाबू नको. कार्डाच्या पाठीवर नंबर आसा, थय फोन कर.'

मुलाने मेल बघितलाही नाही, आणि बरोबर तेच केलं. मेल खरा की खोटा याचा काथ्याकूट करायची गरजच नाही. बँकेचं खरंच काही काम असेल तर ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसेल, कार्डामागच्या नंबरवर कळेल. मेलमधल्या बटणावरून कुठेच जायचं नाही.

समजा, बटण दाबलं. पान उघडतं, कार्डाचा नंबर मागतं, मुदत मागतं, मागचे तीन आकडे मागतं. मग मोबाइलवर ओटीपी येतो. घाईत आपण फक्त ते सहा आकडे बघतो. संपूर्ण मेसेज वाचा. पान म्हणतं 'पॉइंट जमा करा' आणि मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, अमुक दुकानात ४८,९०० रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी. पैसे यायला ओटीपी लागत नाही. परदेशी संकेतस्थळांवर तर कधी कधी ओटीपीशिवायच पैसे कापले जातात. म्हणून परदेशी व्यवहार अ‍ॅपमधून बंदच ठेवावेत, हवे तेव्हा चालू करता येतात.

[दृश्य: संध्याकाळ. मालवणची बाजारपेठ.]

पैसे गेलेच, तर गावात लोक गप्प बसतात. 'हसं होईल.' हे गप्प बसणं फार महागात पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चोर एकदाच पैसे काढून थांबत नाही, तेव्हा इथे मिनिटा-मिनिटाला किंमत आहे. आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करायचं, बँकेला कळवायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन. तो मेल पुसून टाकू नका, तक्रारीला लागेल. घरच्यांना रात्री जेवताना सांगितलं तरी चालेल.